खंडेनवमीला पुसलेला कम्प्युटर

आमच्याकडे कम्प्युटर बंद करायचा दिवस वर्षातून एकच, खंडेनवमीचा. कुरुळीतला आमचा कारखाना एका मोठ्या गाडीकंपनीला सुटे भाग पुरवतो. रात्रंदिवस शिफ्ट चालतात, त्यामुळे डिस्पॅचच्या कम्प्युटरला विश्रांती कसली? मी त्याच्यावरच बसतो आणि पेट्यांवर चिकटवायची लेबलं छापतो. लेबल नसेल, तर मोठ्या कंपनीच्या गेटवरून ट्रक आल्या पावली परत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मॅनेजरसाहेबांना तो कम्प्युटर फार हळू वाटायला लागला. साहेब स्वतः खुर्ची ओढून बसले आणि सुरू होताना आपोआप उघडणारे सगळे प्रोग्रॅम बंद करून मोकळे झाले. "उगाच गर्दी करतात राव. आता कसा पळतो बघा," असं चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवलंही. पळाला काही नाही. बिघडलंही काही नाही, कारण कम्प्युटर एकदा बंद होऊन परत सुरू झाल्याशिवाय त्या बदलाचा परिणाम दिसणार नव्हता, आणि तो बंद करतो कोण?

नवमीला मशिनींची पूजा झाली. साहेबांनी पॅकिंगच्या मावशींना सांगितलं, "कम्प्युटर बंद करून नीट पुसून घ्या." मावशी परभणीकडच्या, ठेकेदारामार्फत कामाला. नवऱ्याची बोटं दुसऱ्या एका कारखान्यात प्रेस मशिनीखाली गेली, तेव्हापासून घर त्यांच्या एकटीच्या कामावर चाललेलं. त्यांनी कम्प्युटर बंद केला, पुसला, कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचा हार घातला. आरती साहेबांनीच म्हटली, तीही बेसूर.

दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर आलो, तर लेबल निघेना. प्रिंटर ठीक, कागद ठीक. भरलेला ट्रक दारात उभा आणि मोठ्या कंपनीतून फोनवर फोन. साहेबांना स्क्रीनच्या कडेचं कुंकू दिसलं आणि गुन्हेगार सापडला.

"पाणी घातलंत ना आत? देव्हारा आहे का हा?"

"म्या कोरड्या फडक्यानं पुसलं वो साहेब. तुमीच म्हनलात, पुसा."

साहेबांनी तिथल्या तिथे ठेकेदाराला फोन लावला, उद्यापासून ही बाई पाठवू नका. मावशी डबा पिशवीत घालून निघून गेल्या.

दुपारी मला साहेबांची ती चहाच्या वेळची बढाई आठवली. सेटिंग उघडून पाहिलं. लेबलं प्रिंटरपर्यंत पोचवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो मागच्या मागे चालतो, त्याचं चिन्हही समोर दिसत नाही. साहेबांनी इतरांबरोबर तोही बंद करून टाकला होता. मी तो परत चालू केला, कम्प्युटर बंद करून सुरू केला आणि लेबल निघालं. पाणी नाही, कुंकू नाही, काही नाही. मी सगळ्यांसमोर साहेबांना ते दाखवलं.

"झालं ना सुरू? मग कशाला उगाळताय?" साहेब म्हणाले. "ठेकेदाराला आता काय सांगू, मी चुकलो म्हणून?"

"हो, तेच सांगा."

साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. ठेकेदाराने संध्याकाळपर्यंत दुसरी बाई ठरवलीसुद्धा.

सुटल्यावर मोशीला घरी जाण्याऐवजी मी गाडी मावशींच्या खोलीकडे वळवली. निदान खरं काय ते त्यांना कळावं, एवढंच मनात होतं. त्या दारातच भांडी घासत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात पदराला पुसले आणि आत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली, "ऐकलं का? म्या काय बी बिघडवलं न्हवतं!"

इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग घासलेला डबा उचलत त्यांनी विचारलं, "म्हंजी उद्या पयल्या शिफ्टला येऊ ना?"