हॉइट ‘जिंकू’ म्हणाला तेव्हा

आमच्या बेल्स फेरी गावात हॉइट सायझमोरइतका भित्रा माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगत आले आहे. माझ्या खानावळीत तो रोज सकाळी येतो आणि खिडकीपासून लांब बसतो, कारण काच फुटली तर? मासा मागवत नाही, कारण काटा अडकला तर? वादळाचा भोंगा महिन्यातून एकदा नुसता तपासायला वाजवतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी त्या दिवशी हॉइटची कॉफी बशीत सांडतेच. आणि या माणसाने उभ्या जन्मात काम कोणतं केलं? गॅसचा टँकर चालवला. अलाबामाच्या लाल मातीच्या रस्त्यांवरून, घरोघरच्या टाक्या भरत.

"एवढा भितोस तर हेच काम कशाला धरलंस रे?" मी एकदा विचारलं होतं.

"भितो म्हणून तर शाबूत आहे, नेल," तो म्हणाला. "रोज सकाळी किल्ली फिरवायच्या आधी मी मोठ्यांदा म्हणायचो, आज टाकी फुटणार. एकदा तोंडाने म्हणून टाकलं की मग ती फुटत नाही."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण हॉइटने त्या राक्षसाला नोकरीवरच ठेवलं होतं. आणि खरंच, निवृत्त होईपर्यंत त्याच्या टँकरला साधा ओरखडा आला नाही. त्याच्या मते तो सगळा त्या एका वाक्याचा प्रताप.

आता कोपऱ्यातल्या गोल टेबलाबद्दल सांगायला हवं. टॅलासोका स्टेट हे आमच्या भागातलं कॉलेज, आणि त्याच्या फुटबॉल टीमचं नाव बगळे. फुटबॉलच्या टीमला बगळे म्हणावंसं ज्याला वाटलं त्याच्या अकलेबद्दल मी बोलत नाही. गावातल्या प्रत्येक गाडीच्या मागे बगळ्याचं चित्र आहे, माझ्याही आहे. ऑगस्ट संपत आला आणि मोसमातला पहिला सामना तोंडावर आला, की त्या गोल टेबलावर एक नियम लागू होतो: आपल्या टीमबद्दल चांगलं बोलायचं नाही. दृष्ट लागते. ‘जिंकू’ हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याने आपली थाळी उचलायची आणि बाहेर पायरीवर बसून खायचं. जो सगळ्यात वाईट भविष्य सांगेल त्याचा मान मोठा. नवखा माणूस ऐकेल तर म्हणेल, ही मंडळी आपल्याच पोरांच्या वाईटावर टपलेली आहेत. तसं नाही. पोटात माया असते, म्हणून तोंडाने शिव्या चालतात.

या टेबलाचा राजा अर्थातच हॉइट. शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, त्यातली गत. एका वर्षी त्याने सांगितलं की स्टेडियमच कोसळणार, आणि त्या दिवशी आम्ही असे जिंकलो की लॅमार न्हाव्याने भर रस्त्यात त्याचा मुका घेतला.

या वर्षीचा पहिला सामना होता मार्लो युनिव्हर्सिटीशी, त्यांच्याच मैदानावर. त्यांच्या टीमचं नाव रेडे. बगळे विरुद्ध रेडे म्हटल्यावर आणखी काय सांगायचं? त्यातून आमच्या क्वार्टरबॅकचा गुडघा सरावातच गेला. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू येतो आणि ज्याला जमिनीत गाडायला समोरची अर्धी फौज धावून येते तो. त्याच्या जागी आता उभा राहणार होता वायली सायझमोर. हॉइटचा नातू.

वायलीची आई टेक्सासला कामाला गेली ती तिकडचीच झाली. पोराला हॉइटने आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅल्माने वाढवलं. अ‍ॅल्मा गेली त्याला आता चार वर्षं झाली. आजोबाला तो पॉपॉ म्हणतो. पोरगा गुणी. कॉलेजात दोन वर्षं बाकावर बसून काढली, पण कधी तोंड वाकडं केलं नाही.

सामना शनिवारचा. मंगळवारी सकाळी टेबल गच्च भरलं होतं.

"त्यांचा तो चौऱ्याण्णव नंबरवाला पाहिलात का?" लॅमार म्हणाला. "माझ्या दुकानाच्या दारातून आडवा केला तरी आत यायचा नाही."

"डोकं खाली घालून येतो," ओडम मास्तर म्हणाले. ते आमच्या शाळेत गणित शिकवायचे. "मी आकडेमोड केलीय. शहात्तर-शून्य."

"शून्य? अहो मास्तर, एखादी किक तरी बसेल की!"

"किक मारायला अर्धं मैदान ओलांडावं लागतं, लॅमार."

सगळे खिदळले. मग लॅमार हॉइटकडे वळला. "तू का रे तोंडात मूग धरून बसलायस? बोल की! नातवाला घरी कशातून आणायचं, पोत्यातून का बादलीतून?"

एरवी हॉइटने यावर कडी केली असती. पण तो थाळीकडे बघत राहिला. अंडी गार झाली होती. मग म्हणाला, "जिंकू."

लॅमारच्या हातातला काटा थाळीत पडला.

"काय म्हणालास?"

"जिंकू आपण."

लॅमारचा चेहरा पांढरा पडला. मी थट्टा करत नाहीये. चाळीस वर्षं जो माणूस वाईटच बोलला आणि त्याच्या बोलण्याने सगळं सुखरूप राहिलं, तोच आज चांगलं बोलला. "बाहेर हो!" लॅमार ओरडला. "आत्ताच्या आत्ता बाहेर! म्हातारपणी बुद्धी फिरली काय तुझी? सबंध मोसम घालवलास!" ओडम मास्तर शिकलेले, पण दृष्ट टळावी म्हणून त्यांनीही लाकडी टेबलाला तीनदा हात लावला.

हॉइट थाळी घेऊन निमूट पायरीवर जाऊन बसला. मी कॉफीचं भांडं घेऊन त्याच्यामागे गेले. त्याने कप पुढे केलाच नाही.

"काय झालं ते सांग," मी म्हटलं.

"बोलता येईना, नेल. तोंडाशी आलं आणि बोलता येईना."

मग तुकड्या-तुकड्यांत सगळं बाहेर आलं. गेल्या आठवड्यात सरावात वायलीच्या डोक्याला फटका बसला होता. पोरगा उठला, हसला, खेळत राहिला, कुणाला काही कळलं नाही. रविवारी तो जेवायला घरी आला. चांगला गप्पा मारत होता. हॉइटने तिसरी खुर्ची भिंतीला लावली तसं वायलीने विचारलं, "आजी जेवणार नाही का?"

मी कॉफीचं भांडं पायरीवर ठेवलं.

"मग?"

"मग मी बघतच राहिलो. त्याला कळलं. म्हणाला, पॉपॉ, चुकून गेलं तोंडातून. आणि मग माझा हात धरला. म्हणाला, कुणाला सांगू नकोस, दोन वर्षं बाकावर बसलोय, हा एक सामना मला खेळू दे. मी शब्द दिला." हॉइटने तोंडावरून हात फिरवला. "जन्मभर मी वाईट बोललो, नेल, कारण मनातून ठाऊक असायचं की तसं होणार नाही. हे होईल. तो चौऱ्याण्णव नंबरवाला डोकं खाली घालून येईल आणि…"

त्याने थाळी बाजूला सारली.

मला त्याची दया आली आणि रागही आला. राग जास्त. "अरे, टाकी फुटणार म्हणून मुक्या गाडीला सांगत होतास, तेव्हा बरा आवाज निघायचा!" मी म्हटलं. "आता खरंच गळतेय तर अळीमिळी गुपचिळी? ज्याला सांगायला हवं त्याला सांग की!"

"तो माझं तोंड बघणार नाही परत."

"नाही बघणार," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

दुपारी खानावळ बंद करून मीच त्याला गाडीत घालून कॉलेजात नेलं. तो स्वतः चालवता तर वाटेतून परत फिरला असता. सबंध रस्ताभर दाराची मूठ धरून बसला होता. टीमच्या पोरांची दुखणीखुपणी बघणारी केंड्रा म्हणून एक बाई आहे, तिच्यासमोर उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलला. खुर्चीचं, अ‍ॅल्माचं, सगळं. केंड्राने वायलीला बोलावून घेतलं. डोळ्यांत दिवा मारला, एका पायावर उभं केलं. पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग तेच शब्द परत विचारले. वायलीला दोन आठवले.

"खेळणार नाहीस तू," ती म्हणाली.

वायली आजोबांकडे वळला. पोराचे डोळे भरले होते, पण आवाज दगडासारखा. "तुला माझ्यासाठी भीती नव्हती, पॉपॉ. स्वतःसाठीच होती. तू जन्माचा भित्रा आहेस. शनिवारी तिथं येऊ नकोस."

"बरं," हॉइट म्हणाला.

अशी गोष्ट गावात पोचायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी लॅमार टेबलावर जोरजोरात म्हणत होता, "स्वतःच्या हाताने क्वार्टरबॅक घरी बसवला! थोडी चक्कर काय आली पोराला! आता तिसऱ्या फळीतलं कोवळं पोरगं उभं करणार रेड्यांपुढे." मी त्याच्यापुढची भरलेली थाळी उचलून नेली. तो बघतच राहिला. हॉइट शनिवारपर्यंत तीनही दिवस फिरकला नाही, आणि त्याचा फोन वायलीने उचलला नाही.

शनिवारी सामना भर दुपारी होता. खानावळीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्यांनी टीमचे निळे सदरे घातलेले, टीव्ही मोठ्याने लावलेला. सुरू व्हायच्या जरा आधी हॉइट आला. कुणी ‘ये’ म्हटलं नाही, पण त्याची खुर्ची कुणी घेतलीही नव्हती. तो बसला. मी कॉफी ठेवली.

खेळाबद्दल काय सांगू? पहिल्या तासातच फळ्यावर आकडे असे वाढत होते की ओडम मास्तरांनी बघायचं सोडून दिलं. आमचा सतरा नंबरचा तो पोरगा, हाडकुळा, हेल्मेट डोक्यावर सैल वाटावं असा, चेंडू हातात आला की मागे मागे सरकायचा. प्रत्येक वेळी पडायचा, प्रत्येक वेळी उठायचा. भीतीने बोलती बंद होते तशी आमची झाली होती.

मग तो चौऱ्याण्णव नंबरवाला मोकळा सुटला. मधे कुणीच नव्हतं. पोराने त्याला पाहिलंही नाही. डोकं खाली घालून तो आला आणि पोरगं उचलून आपटलं गेलं. टीव्हीतलं सबंध स्टेडियम एकदम गप्प झालं.

पोरगं उठेना.

हॉइट उभा राहिला. "नाव काय त्याचं?"

ओडम मास्तर खिशात चष्मा शोधायला लागले.

"सतरा नंबर," लॅमार खालच्या आवाजात म्हणाला.

"नाव विचारतोय मी!"

आम्हांला नाव माहीत नव्हतं. त्या टेबलावर आठवडाभर रेड्यांच्या प्रत्येक पोराचं वजन, उंची, खोडी सगळं बोलून झालं होतं, आणि आमच्या स्वतःच्या या पोराचं नाव कुणाला सांगता येईना. शेवटी टीव्हीवरच्या माणसाने सांगितलं: एमरी पिट्स, पहिल्याच वर्षाला आहे.

"मी पाठवलं त्याला तिथं," हॉइट म्हणाला. दोन्ही हातांनी त्याने टेबल धरलं होतं.

"तू नाही पाठवलंस," मी म्हटलं.

"मग कुणी, नेल?"

पडद्यावर वायली दिसला, अंगात टीमचा नुसता सदरा, बाकावरून उठून धावत गेलेला. तो त्या पोराशेजारी गुडघ्यांवर बसला होता. लॅमार टोपी काढून हातात पिळत होता. स्ट्रेचर आलं. नेताना एमरीने एक हात जरासा उचलला तेव्हा आमच्यात कुणीतरी हुंदका दिला, आणि मला वाटतं तो लॅमारच होता.

खेळ पुन्हा सुरू झाला, पण बघत कोणी नव्हतं. काही वेळाने माझ्या गल्ल्याजवळचा फोन वाजला.

"मिस नेल, पॉपॉ तिथं आहे का?"

मी फोन हॉइटच्या हातात दिला. मी शेजारीच उभी होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"खांद्याचं हाड मोडलंय," वायली म्हणाला. "शुद्धीत आहे. आईशी बोलला आत्ता. मी त्याच्याजवळच आहे, आतल्या खोलीत."

"बरं."

हॉइटने खुर्ची ओढली आणि बसला.

"पॉपॉ, तो माझ्या जागी होता."

"माहीत आहे, बाळा."

"तो माझ्यासारखा डोक्यावर आपटला असता तर… मी असतो तर…" पोराचा आवाज फुटला. "मला भीती वाटते, पॉपॉ."

"वाटू दे," हॉइट म्हणाला. "मलाही वाटते. फोन ठेवू नकोस."

मी टीव्ही बंद केला. कुणी हरकत घेतली नाही. लोक हळूहळू उठले, पैसे ठेवून, हॉइटच्या पाठीवर हात टेकवून बाहेर पडले. मी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या, फरशी पुसली, तरी ते दोघं फोनवरच होते. बोलत काहीच नव्हते.