जुन्या पिकअपमधून दुसरी पिकअप बघायला: सेलू, आर्वी, कारंजा

डिसेंबरात आमच्या पिकअपचं पासिंग जवळ आलं आणि घरात एकच विषय सुरू झाला. हिच्यावर पुन्हा खर्च करायचा, की विकून दुसरी घ्यायची?

गाडी पंधरा वर्षांची. माझं सेलूत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली, बोअरमधली जळालेली मोटर वर काढायची, दुकानात आणून नव्याने तार भरायची आणि परत नेऊन बसवायची, हा धंदा. तो सगळा या पिकअपवर चालतो. हे काम मला कुणी शिकवलं नाही, आयटीआयची पायरीही मी चढलेलो नाही. एक जळकी मोटर उघडली, आत जसं होतं तसं कागदावर काढून घेतलं आणि तसंच्या तसं भरलं. ती मोटर अजून पाणी देते. गाडीचंही तसंच. घेतल्यापासून तिच्या बॉनेटला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता, आणि हे मी ताठ मानेने सांगायचो.

शोभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं वेगळं. "पोरगी लगन होऊन पुन्याले गेली, पन ही गाडी काई अंगनातून जात नाई."

मग एका गिऱ्हाइकाने सांगितलं, कारंज्याच्या पुढे एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे पाच वर्षं वापरलेली पिकअप विकायची आहे. ठरलं. शनिवारी निघायचं, आर्वीला शोभाच्या बहिणीकडे मुक्काम, रविवारी गाडी बघून परत. जायचं मात्र जुन्या गाडीतूनच, म्हणजे तळेगावच्या घाटात तिचीही परीक्षा होईल.

वाचणाऱ्यांसाठी आमच्या गाडीची थोडी ओळख देतो, पुढे लागेल. तिला तेव्हा चावी नव्हती. चावीचं कुलूप दोनदा दगा देऊन गेलं तेव्हा मी तिथे पंपाच्या स्टार्टरची बटणं बसवली. खालचा खटका वर करायचा, थोडं थांबायचं, हिरवं बटण दाबायचं. बंद करायला लाल. क्लच अगदी तळाला टेकवला तरच सुटायचा. पहिल्यातून दुसरा गिअर टाकताना मध्ये एक श्वास थांबावं लागायचं. सीट रुळावर कडकड वाजायची, ती मी माझ्या उंचीला बरोबर बसेल अशा जागी वेल्डिंग करून टाकली. त्यानंतर एकदाही वाजली नाही.

शनिवारी सकाळी सातला निघालो. पवनारच्या पुलावर धाम नदीवरून धुकं वर येत होतं, पाच मिनिटं थांबण्यासारखं दृश्य. वर्ध्यात तर्री पोहा खाल्ला, तीस रुपये प्लेट. तर्री मागाल तितकी. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा पोहेवाला म्हणाला, "काका, पोहे संपले की तुमचे. आता काय नुसती तर्री पिता का?" काका म्हणाले, "पोहे तर तोंडी लावाले घेतले व्हते."

डिझेल वर्ध्यातच भरून घ्या. आंजीपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे कुठे चांगला, कुठे ठिगळं. या दिवसांत जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या इतक्या लादलेल्या असतात की त्यांना ओलांडायला जागा मिळेपर्यंत मागे राहणंच बरं. खरांगण्यात चहा आणि मुगाचे भजे जरूर खा. त्यानंतर जंगलाचा पट्टा लागतो. साग, पळस, मध्ये एखादं वावर. तिथे मोबाईलला रेंज मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

आर्वीत साडभाऊने, म्हणजे शोभाच्या बहिणीच्या नवऱ्याने, अंगणात गाडी लावून घेतली. पाटोडीची भाजी आणि ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल. दुसरी भाकर मोडतो न मोडतो तोच शेजाऱ्याची ट्रॉली बाहेर काढायची निघाली. साडभाऊ म्हणाले, "तुमी जेवा, मी गाडी सरकवतो." पाच मिनिटांनी हात पुसत परत आले. "साडभाऊ, तुमची गाडी मले वळखत नाई."

मी उष्ट्या हाताने उठलो आणि एका झटक्यात गाडी सरकवून आलो. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरंच वाटलं.

रविवारी सकाळी तळेगाव, मग घाट. गाडी रिकामी होती तरी चढ चढच असतो. दुसऱ्या गिअरमध्ये ती न कुरकुरता वर गेली. धूर नाही, पाणी तापलं नाही. वाटेत गवळाऊ गाईंचा एक कळप रस्ता ओलांडत होता, पांढऱ्या, उंच, बारीक डोक्याच्या. गुराख्याला आमची घाई नव्हती आणि गाईंना तर मुळीच नव्हती. घाट संपला तेव्हा मी शोभाकडे पाहिलं. ती म्हणाली, "हाव, चढली. मी काई म्हटलं का?"

व्यापाऱ्याचं नाव वासुदेवभाऊ. संत्र्याच्या बागेला लागूनच घर, अंगणात पांढरी पिकअप धुवून उभी केलेली. आधी संत्री खायला लावली, मग गाडी दाखवली. मी दुकानातला लोहचुंबक आणि बॅटरी सोबत नेली होती. पत्र्यावर चुंबक फिरवला की जिथे पुटी भरलेली असते तिथे तो धरत नाही. पत्रा अस्सल निघाला. मग पोतं टाकून गाडीखाली शिरलो. मागच्या पाट्याजवळ चेसिसवर ताजा काळा रंग होता. खरवडून पाहिलं तर वेल्डिंगचा जोड.

"वासुदेवभाऊ, हे काय आहे?"

"नाल्यात गेलती एकदा," ते शांतपणे म्हणाले. "तुमी पाहाल हे मले मालूम व्हतं. त्या हिशोबानं भाव करू."

तेवढ्यात माझ्या डोक्यावरची गाडी सुरू झाली. मी घाईघाईने सरकून बाहेर आलो. शोभा ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती.

"अवो, सरका तिकडं. एक चक्कर मारून पाहू द्या."

शोभाकडे लायसन आहे. मुलगी वर्ध्यात गाडी शिकत होती तेव्हा ही सोबतीला जायची आणि दोघी शिकून आल्या. पण आमच्या गाडीवर तिचा हात कधी बसला नाही. तिने सीटखालचा दांडा ओढला, सीट पुढे घेतली आणि बागेच्या कडेने गाडी फिरवून आणून जागेवर लावली. वासुदेवभाऊंची आई ओट्यावरून बघत होती. "बाई चालवते न चांगली," ती मुलाला म्हणाली.

मी नाही म्हणालो. चेसिसला जोड असलेली गाडी मी फुकटही घेणार नाही, लादलेली मोटर आणि पाइप घेऊन ती कधी दगा देईल याचा नेम नाही. वासुदेवभाऊंनी वाईट मानलं नाही, उलट पिशवीभर संत्री दिली. आर्वीत जेवून आम्ही परतीला लागलो.

"चांगली व्हती ती गाडी," शोभा म्हणाली.

"चेसिसले जोड आहे, शोभा."

"मले त्यातलं समजत नाई. माहा पाय पोचला, एवढंच समजलं."

जंगलाच्या पट्ट्यात शिरलो आणि डाव्या कुशीत कळ आली. आधी वाटलं, पाटोडी. मग ती कळ पाठीतून खाली उतरली आणि मला स्टिअरिंग धरवेना. कशीबशी गाडी कडेला घेतली, लाल बटण दाबलं आणि दार उघडून तिथेच ओकलो. घामाने शर्ट भिजला. शोभाने दोघांचे फोन वर धरून पाहिले. रेंज नाही.

"सरका," ती म्हणाली.

मी पलीकडे सरकलो, म्हणजे घसरलो. ती चढून बसली. पाय क्लचपर्यंत जाईना. तिने सीटखाली हात घातला, दांडा शोधला. दांडा नव्हताच. मग चादरीची घडी पाठीमागे घातली, वर संत्र्यांची पिशवी. आता पायाची बोटं टेकत होती, पण आमचा क्लच बोटांनी सुटणारा नव्हता. गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा असा हिसका बसला की मी डॅशबोर्डवर आदळलो.

"खटका आधी," मी सांगत होतो. "मंग थांब. मंग हिरवं."

"तुमी कन्हत राहा. सांगू नका."

तेवढ्यात समोरून दुधाच्या कॅन लटकवलेली मोटरसायकल आली. तिशीतला माणूस, डोक्याला मफलर. शोभाने हात केला. त्याने मला पाहिलं आणि काही न विचारता गाडी स्टँडवर लावली. "सरा वहिनी, मी काढतो. मी ट्रक चालवला आहे चार वर्सं."

तो चढला. गुडघे स्टिअरिंगला अडले. "चाबी कुठी हाय?"

"चाबी नाही," मी म्हणालो. "खालचा खटका वर करा, मग हिरवं बटण."

त्याने बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दादा, हे गाडी हाय का वावरातली मोटर?"

इंजिन त्याने सुरू केलं. पहिला गिअर पडला, दुसरा दातावर दात घासून बाहेर आला. पुन्हा तेच. तो खाली उतरला. "वहिनी, मायाच्यानं होत नाई. ही यांच्या एकट्याच्याच हाताची गाडी आहे."

आर्वीत साडभाऊंनी असंच काहीसं म्हटलं होतं तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता त्या जंगलात, पोट धरून, शोभाचा चेहरा बघताना तेच ऐकून मी घाबरलो. दुखण्याने नाही. आता उन्हं कलतील, आणि मी शुद्धीवर राहिलो नाही तर ही बाई इथे या गाडीत अडकेल, याने.

शेवटी युक्ती शोभानेच काढली. इंजिन बंद असताना ती स्टिअरिंग धरून क्लचवर जवळजवळ उभी राहिली आणि दूधवाल्याने माझ्या बाजूच्या दारातून वाकून दोन्ही हातांनी गिअर थेट दुसऱ्यात बसवला. इंजिन सुरू केलं, त्याने मागून खांदा लावला आणि गाडी हलली. "आता गेअरले हात लावू नका, वहिनी," तो ओरडला. "दुसऱ्यातच जाऊ द्या. मी पुढं जाऊन डॉक्टरले सांगतो." मोटरसायकल वळवून, कॅन खडखडवत तो आम्हाला ओलांडून गेला. त्याचं दूध आर्वीकडे जायचं होतं. तो खरांगण्याकडे गेला.

खरांगण्यापर्यंत शोभाने दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आणली. मागून हॉर्न देणाऱ्यांना देऊ दिले. बोलत होती ती गाडीशीच. "चाल व माय, चाल. थांबू नको." दवाखान्यासमोर आल्यावर तिने विचारलं, "लाल का?" मी मान हलवली. तिने लाल बटण दाबलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

तिथे इंजेक्शन मिळालं, पुढे अँब्युलन्सने सेवाग्रामला. मुतखडा, तोही ज्वारीच्या दाण्याएवढा. दोन दिवसांनी पडून गेला. वेदना थांबते तेव्हा माणसाला जे हलकं वाटतं ते शब्दांत मांडायच्या भानगडीत मी पडत नाही. ज्यांना हा त्रास झाला आहे ते समजून घेतील. दूधवाल्याला नंतर शोधून काढलं. पैसे घेईना, म्हणून त्याच्या विहिरीवरची मोटर भरून दिली.

खाटेवर पडल्या पडल्या मी गाडीचा विचार करत होतो. इंजिन ठीक, चेसिस ठीक, घाट चढून आली. शोभाला ज्याने ज्याने अडवलं ते सगळं बिघडलेलं नव्हतं, मी दुरुस्त केलेलं होतं. क्लचप्लेट बदलायच्या ऐवजी मी माझ्या पायाला शिकवलं. गिअरच्या लिंकेजला, म्हणजे दांड्याच्या जोडांना, झीज होती, तिथे मी एक श्वास थांबायला शिकलो. आणि सीटचं तर काय सांगू.

मी खाटेवर असतानाच गाडी खरांगण्याहून दोरी बांधून वर्ध्याला आणावी लागली, कारण चालवणारा दुसरा कुणी मिळेना. मेकॅनिकने बॉनेट उघडलं तेव्हा मी मुद्दाम चहाला गेलो. परत आलो तर तो बटणांकडे बघत होता. "फिटिंग सुंदर आहे, भाऊ. ठेवू का?"

"काढा," मी म्हणालो. "चाबी बसवा. सीटही रुळावर घ्या. कोणालेही चालवता आली पाहिजे."

क्लचप्लेट, लिंकेज, सीट आणि चावी मिळून चोवीस हजार गेले. पासिंग झालं. दुसऱ्या गाडीच्या किमतीपुढे हे काहीच नाही, पण निर्णय त्यावर झाला नाही. तुमच्याकडेही जुनी गाडी असेल आणि काय करावं कळत नसेल तर मी सांगतो ते करून बघा: घरातल्या दुसऱ्या माणसाला चालवायला द्या, तुम्ही बाजूला बसा आणि तोंड बंद ठेवा. अर्ध्या तासात कळेल.

परवा शोभा एकटी आर्वीला गेली. मी दुकानात मोटर भरत बसलो होतो. ती जंगलाच्या पट्ट्यात असेल अशा वेळी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. तासाभराने तिचाच आला.

"पोचली मी. आन् मी गाडीवर असताना फोन काऊन करता?"

"गेअर बरोबर पडला का?"

"पडला. सगळे पडले. ठेवा आता, ताईनं ताट वाढलं."

फोन ठेवला आणि हातातल्या तारेकडे पाहिलं. कितवा फेरा चालू होता, आठवेना. असं माझं कधी होत नाही. सगळे फेरे उलगडले आणि निवांत पहिल्यापासून सुरू केलं.