दहापैकी किती?

सिकलसेलचं रक्ताचं दुखणं आणि पोटातलं बाळ, दोन्ही एकदम सांभाळणाऱ्या बायका एका बाकावर बसल्या की किस्से जमणारच! इंदूरच्या तुकोगंजमधल्या आमच्या क्लिनिकमध्ये दर मंगळवारी नंबर यायला दोन तास लागायचे.

माझं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. जन्मलं तेव्हा रडलंच नाही. म्हणून या खेपेला मी गप्पगप्प असायचे. बाकावर शेजारी बसणाऱ्या संगीताने, शाळेत शिकवणाऱ्या पक्क्या इंदुरी मराठी बाईने, ते चालू दिलं नाही. "इथे तोंड पाडून बसायचं नाही, भिया!" बाई असो की बुवा, इंदुरात सगळेच भिया.

*

पाणी कमी पडलं की आमचे सांधे ठणकतात. त्यामुळे संगीता दर पिरियडला बाटली संपवायची आणि दर पिरियडला बाथरूमला पळायची. प्रिन्सिपलने विचारलं, "मॅडम, आपकी क्लास में पढ़ाता कौन है?"

"मॉनिटर, सर. मेरे से अच्छा पढ़ाती है!"

*

गारठाही आम्हाला सोसत नाही. भर मे महिन्यात पलासियाच्या आमच्या बँकेत मी एसीखाली स्वेटर आणि कानटोपी घालून बसायचे. एक आजोबा काउंटरवर काळजीने म्हणाले, "बेटा, शिमला ब्रांच से ट्रांसफर हुआ है क्या?"

*

माझं रक्त कमी म्हणून सासूबाई रोज बीट खाऊ घालायच्या. डॉक्टर मॅडमनी समजावलं, "आजी, हिच्या रक्तपेशीच लवकर फुटतात. बीटाने काही होत नाही."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. पुढच्या मंगळवारी मॅडमसाठी डबा! "दोन किलो आणून ठेवलंय, आता तुम्हीच संपवा."

*

क्लिनिकमध्ये दुखणं आकड्यात सांगायचं. दहा म्हणजे असह्य. संगीताला कळा सुरू झाल्या तेव्हा सिस्टरने विचारलं, "दस में से कितना?"

"पाच असेल."

"अभी टाइम है, टहलो."

वीस मिनिटांत मुलगी झाली! सिस्टर चिडली, "आपने तो पाँच बोला था!"

"पाँच ही था," संगीता म्हणाली. "दस तो पिछली दिवाली में हुआ था, जब हड्डियाँ दुखी थीं."

*

मग माझा नंबर लागला. सिस्टर आता शहाणी झाली होती. मी "चार" म्हटलं आणि तिने थेट स्ट्रेचर मागवलं!

खरं सांगते, मला कळांची भीती नव्हती. नंतरच्या शांततेची होती.

बाळ बाहेर आलं. क्षणभर काहीच नाही. मग त्याने असा सूर लावला, की बाहेर सासूबाई उठून उभ्या राहिल्या म्हणे!

सिस्टरने सवयीने विचारलं, "अब दर्द कितना है? दस में से?"

"शू! सिस्टर, जरा ऐकू द्या."