पंचावन्न किलोचा गडी

अवसरी बुद्रुकचे म्हस्कूनाना माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही घाईघाईनं त्यांना शिव्या घालणार नाही. घालायच्या तर शेवटी घाला, मी अडवणार नाही.

नानांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. नव्वदच्या सुमाराला त्यांनी कळप विकला, शेती धरली, पण हातातली कला कुठं जाते? मेंढरू पारखताना कमरेला हात घालून जरासं उचलायचं आणि वजन सांगायचं. ही कला मंचरच्या घोडकाठ मंडळाच्या अध्यक्षांनी, सावळेरामशेठनी, बरोबर हेरली. घोडकाठ म्हणजे त्या काळात आपल्या दोन तालुक्यांतलं सगळ्यात बडं कबड्डी मंडळ. पंचावन्न किलोच्या गटात खेळायचं तर काट्यावर त्याच्या वर भरलेला गडी चालत नाही. शेठची युक्ती साधी होती. साठ किलोच्या आसपासचा दणकट गडी शोधायचा, स्पर्धेआधी त्याला सुकवून पंचावन्नावर आणायचा, म्हणजे समोरची मूळचीच हलकी पोरं त्याच्यापुढं पाचोळा. असे गडी नाना गावोगाव फिरून आणायचे. जत्रेत, पाटाच्या कडेला, कांद्याच्या गाडीवर गोण्या टाकताना कुणी दिसला की हसत जवळ जायचे, 'काय पावणं' म्हणत कमरेला हात घालायचे. पोरांना वाटायचं, काय मायेचा माणूस आहे.

नवा गडी आला की जुना जायचा. दर दिवाळीनंतर निम्मा संघ बदललेला. जो गेला त्याला कुणी तसं सांगत मात्र नसे. पहिल्या स्पर्धेच्या दिवशी मंडळाची जीप प्रत्येकाला त्याच्या गावच्या फाट्यावरून उचलायची. ज्याचं काम संपलं त्याच्या फाट्यावर ती थांबायची नाही. मी खोडदचा, डावा कोपरा सांभाळायचो. एका वर्षी मीही पिशवी घेऊन असाच उभा होतो. जीप आली, माझ्या जागी बसलेला नवा चेहरा मी पाहिला आणि धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभा राहिलो. नाना पुढच्या सीटवर होते, त्यांनी मान वळवली नाही. मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, अजून आहे.

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर नानांनी जो गडी आणला तो घरातलाच निघाला. हनुमंत, पिंपरी पेंढारचा, नानांची बायको बानूकाकू यांचा भाचा. बाविशीचा, नुकतंच लग्न ठरलेलं. चढाईला गेला की एकाला तरी शिवल्याशिवाय परत यायचा नाही. नारायणगावच्या अंतिम सामन्याला पोलीस संघासाठी गडी निवडणारे येणार होते. त्यांच्या नजरेत भरलास तर अंगावर वर्दी आलीच म्हणून समज, असं शेठनी त्याच्या मनात भरवलं होतं. त्या आशेवर तो सुकायला तयार झाला. पण हाडापेरानं तो थोराड. बाकीची पोरं चार दिवसांत उतरायची, याचा काटा हलता हलेना.

तो तेव्हा नानांकडंच राहायला होता. पुढचं काकूंनी मला सांगितलंय. पहिल्या सामन्याला वजन कसंबसं बसलं. अंतिम सामन्याआधी पुन्हा काटा होता आणि तोवर हनुमंत परत भरला होता. मग नानांनी त्याला दोन स्वेटर घालून, वर घोंगडं गुंडाळून ओढ्यापर्यंत पळवायला सुरुवात केली, आणि शेवटचे दोन दिवस त्याचं पाणीच तोडलं. तो डब्यात थुंकत बसायचा, तेवढंच अंग हलकं. पुढं थुंकीही येईना. ओठ फुटले, बोलताना जीभ टाळूला चिकटायला लागली. काकूंना राहवेना.

"आवं, घोटभर तरी द्या त्याला. डोळं बगा कसं आत गेल्यात."

"थंडीचं दिस हायेत," नाना शांतपणे म्हणाले. "थंडीत मेंढरू दोन दोन दिस पाण्याला तोंड लावत न्हाई. काय व्हतंय त्याला? माजी जिंदगी गेली त्यात."

यात लबाडी नव्हती, हेच भयंकर. आपल्याला हे ठाऊक आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. मेंढरू दवातला ओला पाला खातं, त्यातून त्याला पाणी मिळतं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. शेवटी हनुमंतानंच आत्याची समजूत घातली, की उद्या काटा झाला की पोटभर पिईन.

सामन्याच्या दुपारी मी काट्यापाशी होतो, खेळणं सुटल्यापासून स्पर्धेत गुण लिहायचं काम माझ्याकडं होतं. हनुमंत आला तो भिंतीला हात लावत. बाकी पोरांना उन्हात घाम फुटलेला, याचं अंग कोरडं ठाक. नानांना बाजूला घेऊन मी म्हटलं, याला आज बसवा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी जीपचा जुना राग काढतोय. वजन बरोबर बसलं, शेठ खूश झाले. हनुमंत पाणी प्यायला, पण पोटात ठरेना, सगळं ओकून टाकलं. तेवढ्यात शिट्टी झाली.

पहिल्या चढाईला लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्याला मात्र 'कबड्डी' हा शब्द धड म्हणता येत नव्हता. दम तुटला आणि पंचांनी बाद दिलं. थोड्या वेळानं तो पुन्हा चढाईला गेला, मध्यरेषा ओलांडली आणि कुणी हात लावायच्या आत खाली बसला. मग आडवा झाला. समोरच्यांना वाटलं काही तरी डाव आहे, म्हणून कुणी जवळ जाईना. नाना धावले, त्याला जीपमध्ये घातलं. शेठनी राखीव गड्याला खूण केली. जीप फाटकाबाहेर पडायच्या आत संघ पुन्हा सातचा झाला होता, आणि तो सामना घोडकाठ जिंकलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हा पाणी कधी प्यायला होता? नानांनी खरं ते सांगितलं. वर म्हणाले, "थंडी हाय की, सायेब." हनुमंताची मूत्रपिंडं बंद पडली होती. पुण्याला नेता नेता तो गेला.

तक्रार कुणी केली नाही. घरातलंच प्रकरण, कुणी कुणावर करायची? शेठ दहाव्याला येऊन हात जोडून गेले. पुढच्या दिवाळीनंतर जीप नव्या पोरांना घेऊन फाट्याफाट्यानं फिरली. गडी हेरायला आता दुसराच माणूस होता, नानांची जागाही भरली गेली होती.

दोनेक वर्षांनी मी अवसरीला गेलो. काकूंनी बसायला टाकलं, पाणी आणून दिलं. तेवढ्यात नाना रानातून घामानं निथळत आले आणि ओट्यावर टेकले. मला वाटलं, काकू आता त्यांनाही पाणी देतील. त्या सुपातले दाणे निवडत राहिल्या. घरात भांडण नव्हतं, दोन्ही वेळा त्या नवऱ्याला जेवायला वाढत होत्या. पाणी मात्र हनुमंत गेल्यापासून त्यांनी एकदाही दिलं नव्हतं. नाना माझी नजर चुकवून उठले, आत गेले, आणि रांजणात भांडं बुडवल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.