काकीचा होकार

आमच्या गावात होकार एकट्याने द्यायची पद्धत नाही. देवळात कुणी जाणता देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणून मोकळे होतात. साखरेच्या आजारावरची नवी गोळी तपासायला शहरातले डॉक्टर आले, तेव्हा सभाही देवळातच भरली. चार पानी संमतिपत्र ऐकताना माणसं जांभया देऊ लागली. शेवटी डॉक्टर मला म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच सांगा यांच्या भाषेत."

मी निवृत्त मास्तर. माईक दिसला की माझ्या अंगात येतं. मी सगळं गाऱ्हाण्याच्या चालीवर घातलं. "बा देवा, ही नवी गोळी इली हा, तिचो लेकरांका गुण येवंदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे हसत ओरडले. मग रांगेने अंगठे आणि सह्या झाल्या. त्यात माझी काकी होती. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं.

एक वाक्य मी गाळलं होतं. 'अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येईल.' ते चालीत बसेना. आणि गाऱ्हाण्यात माघार कोण सांगतो?

महिनाभरात काकीचे पाय सुजले. अन्न पोटात ठरेना. डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी मुलगी दोनदा येऊन पोटतिडकीने सांगून गेली, "आजी, तुम्ही थांबू शकता." काकीने तिला सोलकढी पाजली आणि परत पाठवलं.

मग वरातीमागून घोडं नाचवायला मी बसलो. कागद काढून ते वाक्य तिला तीनदा वाचून दाखवलं.

"तूच गाऱ्हाणा घातलंस मां?" ती म्हणाली. "देवासमोर व्हय म्हटलंय. आता नाय कसा म्हणू?"

"काकी, ती माझी चूक. मी पुन्हा गाऱ्हाणं घालतो, तुला सोडव म्हणून."

"देव काय तुझ्या शाळेतलो पोर? सकाळी एक सांगतलंस, सांजेक दुसरा?"

मी गोळ्यांची डबी लपवली, तर तिने दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. शरमेने मीच डबी काढून दिली. सूज गोळीनेच आली की वयाने, डॉक्टरही छातीठोक सांगेनात. मला त्याने काही फरक पडत नाही. तिला जो दरवाजा होता, तो माझ्या हौसेने बंद झाला.

आता तिला अंथरुणावरून उठता येत नाही. ती गोळीची वेळ मात्र चुकवत नाही. आठ वाजले की हाक येते, "पाणी हाड रे." मी तांब्या नेऊन देतो.