सात पायऱ्या, पाणी नको

मेमोआयझेशन या शब्दाची मला आता किळस येते. कितीतरी वर्षं हाच शब्द मी ऑफिसातल्या नव्या लोकांना मोठ्या प्रेमाने समजावून सांगत आलो. कल्पना साधी आहे. एखाद्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एका छोट्या भागाला, तुम्ही काही विचारलं, त्याने हिशेब करून उत्तर दिलं, की ते उत्तर जपून ठेवायचं. पुन्हा तोच प्रश्न आला की हिशेब करत बसायचं नाही, जपलेलं उत्तर काढून द्यायचं. वेळ वाचतो. फक्त एक अट असते. उत्तर तुम्ही विचारलेल्या गोष्टींवरच अवलंबून असलं पाहिजे. फंक्शन चोरून तिसरीच एखादी गोष्ट बघत असेल, तर जपलेलं उत्तर शिळं होतं, आणि ते शिळं झालंय हे कोणालाही कळत नाही. ही अट मी फळ्यावर लिहायचो आणि तिच्याखाली दोन रेघा ओढायचो. इतरांच्या कोडमध्ये ती मोडलेली दिसली की नाकाने कांदे सोलायचो.

मी राहतो गोंदियाला लागून मुर्रीत, आणि हल्ली घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. माझं मूळ गाव केशोरीकडचं. गावाला जुना तलाव आहे आणि त्याच्या पाण्यावर खालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, पिकतात. पाणी कोणाला, कधी, किती द्यायचं हे एक म्हातारा ठरवायचा. रोज सकाळी तो बांध्यांमधून अनवाणी फिरायचा, चिखलात पाय दाबून बघायचा आणि मग तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडायचा. हेच काम त्याच्या बापाने केलं होतं. त्याच्याशी भांडणारे होते, पण त्याने बांधी न पाहता पाणी नाकारलं असं कोणी कधी म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी गावच्या पाणी समितीच्या अध्यक्षांना मोबाइलवर पाणीवाटप हवंसं वाटलं. म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते आणि अध्यक्षांचं त्याच्याशी पटतही नव्हतं. त्यांनी मला बोलावलं आणि मी फुगलो. आपण शिकलो, आता गावासाठी काहीतरी करू, असली वाक्यं मी त्या दिवशी खरोखर बोललो. आज आठवलं की तोंड कडू होतं.

ॲप मी फुकट लिहून दिलं. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: बांधीचा नंबर आणि तलावाच्या उघड्या पायऱ्या. आमच्याकडे तलावाची पातळी फुटांत कोणी मोजत नाही. घाटाच्या दगडी पायऱ्या किती उघड्या पडल्या ते सांगतात. ‘आज पाच उघड्या’ म्हटलं की गावाला कळतं. या दोन गोष्टींवरून ॲप सांगायचं की आज या बांधीला पाणी हवं की नको. पण आतल्या आत ते तिसरी गोष्टही वाचत होतं. शेवटचा पाऊस किंवा पाणी मिळून किती दिवस झाले, हे ते एका नोंदीतून स्वतःच काढायचं. म्हातारा पायाने जे बघायचा, त्याची ही माझी नक्कल होती. ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी आत लपवून ठेवली होती आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी अध्यक्षांचा फोन आला. तलावाच्या बांधाखाली नेटवर्क नसतं, ॲप नुसतं गोल गोल फिरत राहतं, आणि लोक हसून राहिले, असं ते म्हणाले. मला राग आला. माझ्या कामाला कोणी हसावं हे मला सहन होत नाही. जेवणाचं ताट वाढून ठेवलेलं असताना मी वीस मिनिटांत त्या फंक्शनला मेमोआयझेशन लावलं. जपलेलं उत्तर ज्यावरून शोधायचं ती किल्ली म्हणून दोनच गोष्टी घेतल्या, बांधीचा नंबर आणि पायऱ्या. दिवसांचं मी विसरलो. ॲप विजेसारखं धावायला लागलं. अध्यक्षांनी अंगठा पाठवला, मी जेवायला बसलो.

दसऱ्यानंतर पाऊस थांबला. बहुतेकांचा हलका, लवकर येणारा धान कापणीला आला होता. भारी, उशिरा येणारा धान उरला होता तो थोड्याच बांध्यांत, आणि सगळ्यात शेवटच्या टोकाला होती काकीची बांधी.

काकी आमची गावातली शेजारीण. नात्याची नव्हे, पण लहानपणी आमच्या घरी चूल पेटली नाही असा दिवस आला तर मी तिच्याच घरी जेवायचो. काका गेल्यापासून ती एकटी ती बांधी करते आणि त्यातलाच तांदूळ वर्षभर खाते. तुडुमाजवळचे लोक ॲप काहीही म्हणो, हाताने धुरा, म्हणजे बांध, फोडून पाणी घ्यायचे. काकीने तसं कधी केलं नाही. पाळी सोडून पाणी घेणं तिच्या लेखी चोरी होती.

शेवटच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सात पायऱ्या उघड्या होत्या आणि तिची बांधी तुडुंब होती. ॲपने हिशेब केला: पाणी नको. ते बरोबरच होतं. पण आमचा तलाव पसरट आहे आणि पायऱ्या उंच. एक पायरी उघडी पडायला कधी कधी पंधरा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशीही सात पायऱ्या, तीच बांधी. ॲपने हिशेब केला नाही, जपलेलं उत्तर काढून दिलं. तिसऱ्या दिवशीही. ऊन मी म्हणत होतं, धान नुकता निसवत होता, लोंबीत दूध भरायची हीच वेळ असते, आणि काकीचा फोन रोज सकाळी सांगत होता: पाणी नको.

नवव्या दिवशी तिने मला फोन केला. तिने आधी माझ्या बायकोची चौकशी केली. मग म्हणाली, “बापू, थे मशीन बराबर सांगून राहिली ना गा? बांधीले भेगा पडून राहिल्या.”

मी कंपनीच्या मीटिंगमध्ये होतो. एका कानाला हेडफोन लावून मी नोंद उघडली. नऊ दिवस, नऊ वेळा ‘पाणी नको’. मी तिला सांगितलं की काकी, ते रोज तपासून सांगतं, वरून भेगा दिसल्या तरी खाली ओल असते. हे वाक्य मला कुठून सुचलं देव जाणे. मी शेतात शेवटचा उतरलो त्याला वीस वर्षं झाली असतील. ती बरं म्हणाली आणि तिने फोन ठेवला. हातच्या काकणाला आरसा कशाला लागतो? भेगा तिच्या पायाखाली होत्या आणि मी तिला लॅपटॉपवरून ओल शिकवत होतो.

तेराव्या दिवशी म्हातारा काठी टेकत तिच्या बांधीवर गेला, तसाच परत आला आणि कोणाला न विचारता त्याने तुडूम उघडलं. समितीने त्याला चार लोकांत झापलं. पाणी पोचलं, पण लोंब्या पांढऱ्या पडल्या होत्या. दाणा बोटांत चिमटला की नुसतं टरफल हाताला यायचं.

गावाकडून हे कळलं तेव्हा मी कोड उघडला आणि चूक मला त्याच संध्याकाळी सापडली. दुरुस्त करायला एक ओळ पुरली. किल्लीत दिवस घातले, झालं.

आमच्या गावात एक जुनी रीत आहे. वाटपाच्या चुकीने ज्याचा धान गेला, त्याला त्या साली उन्हाळी धानाचं पहिलं पाणी मिळतं. तलावात उरतं ते मोजक्याच बांध्यांना पुरतं, म्हणून पहिल्या पाळीला फार मोल असतं. काकीला ती मिळाली असती तर उन्हाळ्यात तिच्या घरात तांदूळ आला असता. वाटपाची चूक ठरली नाही, तर यंदा ती पाळी अध्यक्षांची होती.

कापणीनंतर समाज मंदिरात सभा बसली. मलाही बोलावलं होतं. सभेआधी अध्यक्षांनी मला बाजूला नेऊन चहा पाजला. आजूबाजूची चार-पाच गावं ॲप मागत आहेत, तुमचं नाव होईल, आता गडबड नको, असं ते अर्ध्या हिंदीत, अगदी मायेने म्हणाले. मला त्यांची किळस आली. पण ‘तुमचं नाव होईल’ हे ऐकून मला बरं वाटलं, ते कुठे लपवू?

सभेत अध्यक्षांनी नोंदीचा छापील कागद वाचून दाखवला. तेरा दिवस, पाणी नको. मोजून काढलेलं उत्तर आणि नुसतं आठवून दिलेलं उत्तर त्या कागदावर सारखंच दिसतं. तसं वेगळं दाखवायची सोय मीच केली नव्हती. त्यांनी मला विचारलं, हे मशीनचंच उत्तर आहे ना?

मी म्हणालो, “हो, मशीनचंच आहे.”

हे शंभर टक्के खरं होतं. इतकं घाणेरडं खरं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. म्हातारा भिंतीला टेकून माझ्याकडेच बघत होता. मी मूग गिळून बसलो.

तेवढ्यात काकीच उठली. कोणी तिला बोल म्हटलं नव्हतं. “त्यानं बनवली हाये तं बराबरच असंल,” ती म्हणाली. “मीच पाहाले पायजे होतं. मशीनले कायले दोष देता?” तक्रार नाही असा कागद पुढे आला आणि तिने त्यावर सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. तिचं नाव लांबलचक आहे. ते पूर्ण होईपर्यंत मला बोलता आलं असतं.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. मशीनने तपासलंच नव्हतं, पहिल्या दिवसाचंच उत्तर रोज देत होती, ही चूक माझी, मला महिनाभरापासून माहीत आहे. ती ऐकत होती. मधे एकदा तिने पदर सावरला.

“मंग तेथं काऊन नाई बोलला?”

ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं आणि ती थांबून राहिली. शेवटी म्हणाली, “चाल, जेवून घे. मागच्या सालचा तांदूळ हाये अजून थोडासा.”

मी गेलो. जेवलो. तिने दुसऱ्यांदा भात वाढला, तोही खाल्ला.