शिकवणाऱ्याचा आवाज

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुला सांगते, कारण तू मला ओळखत नाहीस. मला सगळे गरीब स्वभावाची म्हणतात. ते ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

रहाटणीत आमच्या दोन खोल्या. धाकटी जाऊ सुवर्णा बारावी झालेली. दीर चाकणला कंपनीत. ते शिफ्टला गेले की ती दुपारी मोबाइलवर वेबसाइट बनवायला शिकायची. व्हिडिओतला माणूस हिंदीत सांगायचा, ती ऐकून तसं करायची. मी शेजारी मेथी निवडत बसायचे. ती म्हणायची, "ताई, इंग्रजीचं जाऊ द्या. तुम्ही नुसता रंग सांगा." मी हिरवा म्हटलं की वेबसाइटचं पान हिरवं व्हायचं. किती बरं वाटायचं मला — मग का केलं मी असं?

पुनावळ्यातल्या एका रोपवाटिकेवाल्याने तिला वेबसाइट करून मागितली. घरात कौतुक झालं. दीर म्हणाले, "आता ही घरबसल्या कमावणार." मी पोळ्या लाटत होते. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही — एवढंच. त्याला कारण म्हणायचीसुद्धा लाज वाटते.

तो शिकवणारा माणूस प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी म्हणायचा, "तो चलिए, कल फिर मिलते हैं. अपना खयाल रखना." दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना तेवढंच सांगितलं. खालच्या आवाजात, अडखळत — सुवर्णाच्या फोनवर एक माणूस असतो, उद्या भेटू म्हणतो. पुढचं त्यांनीच केलं. "हिच्या तोंडातून कधी शब्द निघत न्हाई," त्या दिरांना म्हणाल्या, "ही बोलली म्हंजी खरंच असंल."

दिरांनी जाब विचारला तेव्हा सुवर्णा आधी हसलीच. "अहो, तो शिकवणारा आहे! हे बघा की." तिने व्हिडिओ लावून दाखवला. दिरांचा चेहरा सैल झाला. मग ती माझ्याकडे वळली. चुगली कुणी केली ते तिला ठाऊक नव्हतं. "ताई रोज माझ्या शेजारी असतात, त्यांनाच विचारा."

दिरांनी विचारलं, "वहिनी, हाच आवाज होता का?"

एक 'हो' पुरे होतं. तेवढंही निघू नये? मी पदर सारखा केला, खाली बघितलं आणि म्हणाले, "हा नव्हता वाटतं... मला काय कळतंय? मी चौथी शिकलेली बाई."

कळत नव्हतं? सगळं कळत होतं. मी तेव्हा खोटं बोलले, आणि वर अडाणी असल्याचं सोंग केलं.

तिचा फोन काढून घेतला. बटणांचा साधा दिला. रोपवाटिकेचं काम गेलं. आता ती दिरांच्याच कंपनीत पॅकिंगला जाते, दिरांच्याच बसने. ते तिच्याशी कामापुरतं बोलतात. आणि ती? ती माझी बाजू घेते. "ताईंना बिचाऱ्यांना फोनमधलं काय कळणार," म्हणते.

तो मोठा फोन माझ्याकडे आला. "वहिनी साध्या आहेत, त्यांच्याकडे राहू दे," दीर म्हणाले.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी त्याच माणसाचे व्हिडिओ लावते. इंग्रजी अक्षरं चित्रं काढावीत तशी बघून बघून उतरवते. जमतं मला. चांगलं जमतं — यातली सगळ्यात घाण गोष्ट हीच आहे.

काल सुवर्णा कामावरून आली. बोटांना चिकटपट्टीचा डिंक होता, तो नखाने खरवडत माझ्यापुढे बसली.

"दिवसभर काय करता ओ ताई? कंटाळा नाही येत?"

"काही नाही गं," म्हणाले, आणि तिच्यापुढे चहा ठेवला.